एक फेरी वाचवणारे चित्र : पडद्यावरील नोंद कशी टिपावी, कशी पाठवावी

गोव्याच्या नकाशात अगदी उत्तरेच्या टोकाला तेरेखोल आहे; पण उर्वरित गोव्याशी त्याची जमीन जुळलेली नाही. मध्ये तेरेखोल नदी आहे. एका काठावर केरी, दुसऱ्या काठावर तेरेखोल आणि दोहोंना सांधणारी फेरीबोट. बोट टाळून पेडण्याला जायचे, तर रेडी, शिरोडा, आरोंदा असा महाराष्ट्रातून वळसा घेऊन किरणपाणीच्या पुलावरून पुन्हा गोव्यात प्रवेश करावा लागतो. सावंतवाडीच्या खेम सावंतांनी उभारलेला, १७४६ मध्ये पोर्तुगिजांच्या हाती गेलेला आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी ज्यावर तिरंगा फडकावला, तो किल्ला पाहण्यासाठी पर्यटक हौसेने नदी ओलांडतात. गावकऱ्याला मात्र ती ओलांडावी लागते कागदासाठी.

हा कागद आता बहुतेक वेळा प्रथम संगणकाच्या पडद्यावर दिसतो. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, सर्वेक्षणाचा नकाशा, राजपत्रातील अधिसूचना, अर्जाची सद्यःस्थिती, वीजबिल या साऱ्या गोष्टी घरबसल्या पाहता येतात. अडचण सुरू होते ती पडद्यावर चूक आढळल्यानंतर. ती चूक पेडण्यातील कार्यालयाला, म्हापशातील वकिलाला किंवा परगावी असलेल्या भावाला दाखवायची कशी? आपल्याकडे रूढ झालेला उपाय म्हणजे मोबाईलने संगणकाच्या पडद्याचा फोटो काढणे. त्या फोटोत आडव्या-उभ्या रेघा उमटतात, खिडकीचा उजेड चमकतो, अक्षरे तिरपी होतात आणि नेमका सर्व्हे क्रमांक कडेला कापला जातो. पाहणारा साहजिकच म्हणतो, ‘स्पष्ट दिसत नाही, एकदा येऊन जा.’ नदीपलीकडच्या माणसासाठी या एका वाक्याची किंमत अर्ध्या दिवसाची असते.

पडद्यावर दिसते ते जसेच्या तसे चित्ररूपाने साठवणे म्हणजे स्क्रीनशॉट. तो घेण्यासाठी लागणारी साधने बहुतेक संगणकांत आधीपासूनच असतात. मात्र स्क्रीनशॉट म्हणजे केवळ चित्र नव्हे; ते दूरच्या माणसापुढे दिलेले आपले निवेदन असते. काय दिसले, कुठे दिसले, केव्हा दिसले हे त्यातून कळले पाहिजे आणि ज्याचा त्या कामाशी संबंध नाही, ते त्यात दिसता कामा नये. पुढील सारे विवेचन या एका सूत्राभोवती आहे.

प्रथम टिपणे

एक उदाहरण घेऊ. समजा, तेरेखोलमधील एका घरात एक-चौदाचा उतारा उघडला आणि कुळाच्या रकान्यात आजोबांचे नाव चुकीचे लिहिलेले आढळले. ही चूक किरकोळ नव्हे. कुळाची नोंद हा कसणाऱ्याच्या हक्काचा आधार असतो आणि पुढे वारसांची नावे लावताना एका अक्षराचा फरकही आडवा येतो.

विंडोज असलेल्या संगणकावर विंडोज, शिफ्ट आणि एस या तीन कळा एकत्र दाबल्या की पडदा किंचित काळवंडतो आणि हवा तेवढा भाग माऊसने निवडता येतो. हे काम ‘स्निपिंग टूल’ नावाचे ॲप करते. त्यात चौकोनी भाग, एखादी पूर्ण खिडकी किंवा संपूर्ण पडदा असे पर्याय असतात. माऊस हलवताच मिटणारी यादी टिपायची असेल, तर काही सेकंदांचा विलंबही लावता येतो. ॲपलच्या संगणकावर कमांड, शिफ्ट आणि ५ या कळांनी अशीच पट्टी उघडते. २०१८ च्या ‘मोहावे’ आवृत्तीपासून ही सोय आहे. लिनक्सवर ‘फ्लेमशॉट’ हे मोफत ॲप लोकप्रिय आहे. विंडोजसाठी ‘ग्रीनशॉट’ आणि ‘शेअरएक्स’ ही मोफत व मुक्तस्रोत साधनेही उपलब्ध आहेत.

टिपण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबून पान मोठे करावे. चित्र एकदा टिपल्यावर ते कितीही ताणले, तरी त्यातील पुसट अक्षर स्पष्ट होत नाही. दुसरी, चौकट थोडी सैल धरावी. केवळ चुकलेले नाव कापून घेतले, तर ते कोणत्या गावाच्या, कोणत्या सर्व्हे क्रमांकाच्या उताऱ्यातील आहे हे कळणार नाही. म्हणून तालुका, गाव, सर्व्हे क्रमांक व उपविभाग दाखवणारा वरचा भाग, संकेतस्थळाचा पत्ता आणि शक्य असल्यास पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख-वेळ चौकटीत यावी. नकाशा टिपताना शेजारच्या भूखंडांचे क्रमांकही घ्यावेत. त्यांच्याशिवाय आपला तुकडा कुठे बसतो हे दुसऱ्याला उमगत नाही.

पान लांब असेल तर चार तुकडे जोडण्याची गरज नाही. फायरफॉक्स आणि एज या ब्राउझरांत कंट्रोल, शिफ्ट आणि एस दाबल्यास संपूर्ण पान एकाच चित्रात साठवण्याचा पर्याय मिळतो. अशा चित्रात संकेतस्थळाचा पत्ता येत नाही. तो वेगळा नोंदवून ठेवावा.

मग खूण करणे

टिपलेल्या चित्राची प्रथम एक कोरी प्रत साठवावी आणि दुसऱ्या प्रतीवर खुणा कराव्यात. ही शिस्त पाळणे महत्त्वाचे, कारण पुढे कधी ‘मूळ काय होते’ असा प्रश्न आला, तर खुणा केलेली प्रत त्याचे उत्तर देऊ शकत नाही.

खुणांच्या बाबतीत कंजूषपणाच बरा. लाल चौकट, एक बाण, एक आकडा एवढे पुरते. फ्लेमशॉट, ग्रीनशॉट आणि शेअरएक्स या तिन्हींत क्रमाने वाढत जाणारे आकडे ठेवण्याची सोय आहे. उताऱ्यावर सर्व्हे क्रमांकाजवळ १, चुकलेल्या नावाजवळ २ अशी खूण करून ईमेलमध्ये लिहावे : ‘क्रमांक २ येथील नाव जुन्या सनदेतील नावाशी जुळत नाही, सनदेची प्रत सोबत जोडली आहे.’ वाचणाऱ्याची नजर शोधत फिरत नाही. ती थेट मुद्द्यावर जाते. एका चित्रात एकच तक्रार ठेवावी. क्षेत्रफळाचा वाद आणि नावाची चूक एकाच चित्रात कोंबली की दोन्हींपैकी एक हमखास राहून जाते.

मजकुरावर पिवळा रंग फिरवायचा असेल तर तो पारदर्शक असावा; अक्षर झाकणारी खूण म्हणजे खाडाखोडच. चित्रावर लांब वाक्येही लिहू नयेत. स्पष्टीकरणाची जागा पत्रात. चित्राने फक्त बोट दाखवावे.

झाकण्याजोगे ते झाकणे

आता सर्वांत दुर्लक्षित भागाकडे वळू. स्क्रीनशॉटमध्ये आपल्या नकळत बरेच काही येते : वरच्या पट्टीतील उघडी पाने, कोपऱ्यात उमटलेला निरोप, आधार क्रमांक, बँक खाते, मोबाईल क्रमांक. उताऱ्यावर तर शेजाऱ्यांची नावेही असतात. कार्यालयाला ती हवी असतील. गावच्या व्हॉट्सॲप गटाला त्यांची गरज नाही.

झाकण्यासाठी अनेक जण मजकूर धूसर करतात किंवा त्याचे चौकोनी ठिपके करतात. दिसायला ते नीटनेटके वाटते, पण भरवशाचे नाही. डॅन पेट्रो या सुरक्षा संशोधकाने २०२२ मध्ये ‘अनरिडॅक्टर’ हे साधन प्रसिद्ध करून, ठिपक्यांखाली दडवलेला मजकूर परत ओळखता येतो हे दाखवून दिले. आकड्यांच्या बाबतीत धोका अधिक, कारण प्रत्येक जागी शक्यता अवघ्या दहाच. हायलायटरचा काळा रंगही पुष्कळदा अर्धपारदर्शक असतो आणि उजळपणा वाढवला की खालची अक्षरे उमटतात. म्हणून झाकायचे तर पूर्ण भरीव काळा चौकोनच वापरावा आणि चित्र पाठवण्यापूर्वी ते पीएनजी किंवा जेपीजी स्वरूपात नव्याने साठवावे.

कापण्याबाबतही एक धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. मार्च २०२३ मध्ये सायमन आरन्स आणि डेव्हिड ब्यूकॅनन यांनी गुगलच्या पिक्सेल फोनमधील चित्र-संपादनातील एक दोष उघड केला. पाठोपाठ तसाच दोष विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये आणि विंडोज १० च्या ‘स्निप अँड स्केच’मध्येही आढळला. कापलेले चित्र त्याच जुन्या फाईलवर साठवले, तर नवे चित्र लहान असल्यामुळे जुन्या फाईलचा उरलेला भाग शेवटी तसाच राहत होता आणि कापून टाकलेला मजकूर अंशतः परत मिळवता येत होता. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. तथापि दुरुस्तीपूर्वी पाठवलेली चित्रे आपोआप सुधारत नाहीत. बोध दुहेरी आहे : ॲप अद्ययावत ठेवावे आणि कापलेले चित्र नेहमी नव्या नावाने साठवावे.

शेवटी पाठवणे

अक्षरे आणि रेषा असलेल्या चित्रासाठी पीएनजी हे स्वरूप उत्तम. जेपीजीमध्ये अक्षरांच्या कडा पुसट होतात. व्हॉट्सॲपवर चित्र नेहमीच्या पद्धतीने पाठवले की ते दाबून लहान केले जाते. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर मूळ दर्जा टिकतो. फाईलच्या नावात गाव, सर्व्हे क्रमांक आणि तारीख असावी. ‘स्क्रीनशॉट ४७’ नावाची फाईल सहा महिन्यांनी आपल्यालाच सापडत नाही. सर्व्हे क्रमांक व अर्ज क्रमांक पत्रातही अक्षरांत लिहावेत, कारण कार्यालयातील माणसाला चित्रातील आकडा नक्कल करून शोधता येत नाही.

काही ॲपमध्ये टिपलेले चित्र थेट इंटरनेटवर चढवून त्याचा दुवा देण्याची सोय असते. शेअरएक्स व फ्लेमशॉट या दोन्हींत ती आहे. असा दुवा ज्याच्या हाती पडेल, त्याला चित्र पाहता येते. जमिनीच्या वा पैशांच्या कागदांसाठी हा मार्ग टाळावा आणि ॲप बसवताना आपोआप चढवण्याचा पर्याय बंद आहे ना, हे पाहून घ्यावे.

चित्र म्हणजे पुरावा नव्हे

एवढी काळजी घेऊनही एक मर्यादा उरते. स्क्रीनशॉटवरील आकडा बदलणे फार कठीण नाही, हे न्यायालयांनाही ठाऊक आहे. या विषयावरील सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निकाल शेजारच्या महाराष्ट्रातील वादातूनच आला. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला होता का, असा प्रश्न होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रफितींचा. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने स्पष्ट केले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे; मूळ उपकरणच न्यायालयापुढे ठेवून सिद्ध केले, तर त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नेही प्रमाणपत्राची अट कायम ठेवली आहे.

म्हणून स्क्रीनशॉटचे काम कोणते आणि कोणते नाही, हे ओळखावे. चूक लक्षात आणून देणे, चौकशी सुरू करणे, वकिलाला प्रकरण समजावणे यांसाठी तो उत्तम. हक्क सिद्ध करण्यासाठी मात्र उताऱ्याची प्रमाणित प्रतच घ्यावी लागते. तरीही मूळ कोरे चित्र आणि ते ज्या संगणकावर टिपले तो संगणक, दोन्ही वाद मिटेपर्यंत सांभाळावेत.

ऑनलाइन फसवणुकीत तर टिपण्याची घाई हवीच. व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचा संदेश, संकेतस्थळाचा पत्ता काही मिनिटांत नाहीसा होऊ शकतो. ते टिपावे आणि त्याच वेळी १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी. चित्रे सजवत बसू नये.

मुदतीचे महत्त्व जमिनीच्या बाबतीतही तेवढेच. गोव्याच्या नगर व ग्राम नियोजन कायद्यात २०२४ मध्ये घातलेल्या ३९-अ कलमाखाली जमिनीच्या वापराचा विभाग बदलण्याच्या प्रस्तावावर हरकती मांडण्यासाठी ३० दिवसांची मुदत ठेवण्यात आली. अशा सूचनांत गाव, सर्व्हे क्रमांक, क्षेत्र आणि सध्याचा व प्रस्तावित विभाग यांची कोष्टके असतात. आपल्या गावाची ओळ दिसली की ती त्याच दिवशी टिपावी, अधिसूचनेचा क्रमांक व तारीख चौकटीत घ्यावी, शेजारी सर्वेक्षण नकाशाचे चित्र ठेवावे आणि हरकतीच्या अर्जाला दोन्ही जोडावीत. ‘आमच्या गावातील जमीन’ अशी मोघम हरकत आणि ‘कोष्टकातील ही ओळ, नकाशावरील हा तुकडा, येथून जाणारा हा ओहोळ’ अशी हरकत यांत फार अंतर असते.

नदी आहे तिथेच राहील. उताऱ्यावर सही घ्यायला, सुनावणीला हजर राहायला तेरेखोलच्या माणसाला फेरीबोट पकडावीच लागेल. पण केवळ ‘स्पष्ट दिसत नाही’ म्हणून घालावी लागणारी फेरी वाचवणे आपल्या हाती आहे. पुढच्या वेळी संगणकापुढे मोबाईल उगारण्याआधी त्या तीन कळा दाबून पाहाव्यात.