कर्णनाद नव्हे : छिन्नमनस्कतेतील ‘आवाज’ आणि मेंदूचे श्रवणकार्य

‘कानात आवाज येतात’ अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णास कर्णनादाचा रुग्ण समजून बिल्वतैलाचे कर्णपूरण सुरू करणे आपल्या व्यवसायात स्वाभाविकच आहे. परंतु तो आवाज गुणगुण वा शिटीसारखा आहे, की कोणी नावाने हाक मारते, टोमणे मारते, हुकूम सोडते, हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. दुसऱ्या प्रकारात तरुण रुग्णाचा कान बहुधा निरोगी असतो. बिघाड असतो तो मेंदूच्या श्रवणकार्यात, आणि तेलाच्या थेंबांत उपचाराचे मोलाचे महिने निघून जातात.

चरकाचार्यांनी उन्मादात मन, बुद्धी, स्मृती इत्यादी आठांचा विभ्रम सांगितला असून त्यात संज्ञाज्ञानाचाही समावेश केला आहे. उन्माद म्हणजेच स्किझोफ्रेनिया, असे समीकरण मांडणे मात्र घाईचे होईल.

पोखर्णीच्या नृसिंहमंदिरात दर्शनास गेलेल्या मनुष्यास प्रथम घंटेचा प्रत्येक टोल जाणवतो. थोड्या वेळाने तो सोबत्याशी बोलण्यात रमतो आणि घंटा कानावर पडूनही मनावर उमटत नाही. निरोगी मेंदू पुनरुक्त ध्वनी असा गाळून टाकतो. अमेरिकेतील ॲडलर, फ्रीडमन प्रभृतींनी १९८२ साली अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन ‘टक्’ आवाज ऐकवून मेंदूचे विद्युत्-आलेख घेतले. निरोगी व्यक्तीत दुसऱ्या आवाजाचा प्रतिसाद बराच क्षीण होतो. छिन्नमनस्कतेत तो तेवढा क्षीण होत नाही. सारेच आवाज आत शिरतात.

याउलट, ज्या बदलाची दखल घ्यावयाची ती अपुरी घेतली जाते. एकसारख्या स्वरांत मध्येच वेगळा स्वर आल्यास, लक्ष नसतानाही, मेंदू त्याची नोंद करतो. फिनलंडच्या नाटानेन यांनी १९७८ मध्ये वर्णिलेली ही नोंद या रुग्णांत दुर्बल आढळते. स्वरांतील सूक्ष्म भेद हुकला की बोलण्यातील भावही हुकतो. ‘जेवलास का?’ या आईच्या प्रश्नातील माया त्यास ऐकूच येत नाही. नातलग मात्र त्याला कोरडा, उद्धट ठरवितात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपण बोलू लागताच वाणीचे केंद्र श्रवणकेंद्रास आगाऊ सूचना देते, त्यामुळे स्वतःच्या आवाजाचा प्रतिसाद दबतो. या व्याधीत हे दबणे कमी होते. मनातल्या मनात चाललेले स्वतःचेच बोलणे परक्याचे वाटत असावे, ही उपपत्ती त्यावरून मांडली गेली. ती सर्वमान्य झालेली नाही. मात्र १९९९ मधील एका जर्मन अभ्यासात तीन रुग्णांना आवाज येताच बटण दाबावयास सांगितले असता, त्या क्षणी त्यांच्या मेंदूतील प्राथमिक श्रवणक्षेत्र कार्यरत झालेले दिसले. रुग्ण ढोंग करीत नाही, त्यास खरोखर ऐकू येते, हे घरच्यांस सांगण्यास एवढा आधार पुरेसा आहे.

आवाज कोणाचा, हे समाजागणिक बदलते. चेन्नई, घानातील आक्रा आणि कॅलिफोर्नियातील सॅन मॅटिओ येथील प्रत्येकी वीस रुग्णांच्या तुलनेत चेन्नईच्या अनेकांस आप्तांचे आवाज येत व ते घरकामे सांगत. आपल्याकडेही मृत आजीचा आवाज आला की ‘बाधा’ म्हणून बाहेरचे उपाय आधी होतात. वैद्याने येथेच कुटुंबास थांबवावे.

वृद्धांत बहिरेपणामुळेही असे आवाज येऊ शकतात, मद्य अचानक सोडल्यानेही येतात; म्हणून कर्णपरीक्षा व व्यसनाची चौकशी अवश्य करावी. आवाज स्वतःस वा इतरांस इजा करण्याची आज्ञा देत असल्यास रुग्णास एकटे न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. २०२२ पासून सुरू असलेली ‘टेली मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर सल्ला देते.

औषधी-विक्रेत्यांसाठी दोन बाबी. विडी-सिगारेटच्या धुराने क्लोझापीन व ओलॅन्झापीन यांचे रक्तातील प्रमाण घटते; धूम्रपान एकाएकी सोडल्यास ते वाढते. तेव्हा व्यसनमुक्तीचे औषध मागणाऱ्या अशा रुग्णाने आपल्या मानसोपचारतज्ज्ञास आधी कळविणे आवश्यक आहे. दुसरी बाब सर्पगंधेची. कलकत्त्याच्या सेन व बोस यांनी १९३१ मध्ये तिचा उन्मादातील उपयोग नोंदविला, हा आपल्या अभिमानाचा विषय खराच. परंतु आधुनिक मनोविकारविरोधी औषधे चालू असता ती स्वतःहून जोडल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो व विषण्णताही येऊ शकते. चिठ्ठीवाचून ती अशा घरी देऊ नये.