डोंगरउतारावरील चारचाकी : पट्टा बरा कीं गिअर ?

आमचें सारें आयुष्य सात-बाराचे उतारे लिहिण्यांत व पीकपाहणीच्या नोंदी ताडून पाहण्यांत गेलें. यंत्रविद्येचा आमचा अभ्यास नाहीं, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. परंतु सेवानिवृत्तीनंतर न्यूझीलंडमधील वायकाटो प्रांतांत पुतण्याकडे दोन महिने राहण्याचा योग आला. तो तेथें एका दुभत्या गाईंच्या मोठ्या कुरणावर नोकरीस आहे. त्या मुक्कामांत एक वस्तु रोज दृष्टीस पडली व तिच्यापायीं घरांत एक प्रसंगही ओढवला. त्या वस्तूविषयीं वाचकांस चार शब्द सांगावे, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

ही वस्तु म्हणजे उंचसखल रानांत चालणारी लहान चारचाकी. तिकडे तिला क्वाड बाइक म्हणतात. घोड्यावर मांड घालावी तसें तिच्यावर बसावयाचें, दोन्ही हातांनीं दांडी धरावयाची आणि उजव्या आंगठ्यानें वेग द्यावयाचा. चाकें रुंद व कमी हवेचीं असल्यामुळें ओल्या कुरणांतही तीं फारशीं रुतत नाहींत. गाई वळविणें, कुंपण पाहणें, वासरें गोठ्यावर आणणें हीं कामें तिकडे आतां तिच्यावांचून होत नाहींत.

हिचा इतिहास थोडक्यांत असा. होंडा कंपनीनें १९७० सालीं तीन चाकांची गाडी विकावयास आणली. चार चाकांची पहिली गाडी सुझुकीनें १९८२ सालीं काढली. तिला पांच गिअर व एक उलटा गिअर होता. पुढें १९८५ सालीं अमेरिकेंतील पोलॅरिस या बर्फावरील गाड्या बनविणाऱ्या कंपनीनें आपल्या चारचाकीस गिअरऐवजीं रबरी पट्टा बसविला. तीनचाकी फार उलटते असें अनुभवास आल्यावरून अमेरिकेंत १९८८ सालीं तिची नवी विक्री बंद झाली. चारचाकीच्या मात्र दोन शाखा राहिल्या, एक गिअरची व दुसरी पट्ट्याची. त्यांपैकीं चांगली कोणती, हा वाद प्रत्येक कुरणावर ऐकूं येतो.

गिअरची रचना आपल्यास परिचयाची आहे. लहानमोठीं दांत्यांचीं चाकें एकमेकांत अडकतात आणि डाव्या पायाच्या खटक्यानें जोडी बदलतां येते. चढावर लहान गिअर, सपाटीवर मोठा. पुष्कळशा गाड्यांत हाताचा क्लच नसतो ; इंजिनाचा वेग वाढतांच वजनें बाहेर फेंकलीं जाऊन क्लच आपोआप धरतो, व खटका दाबतांना तो क्षणभर सुटतो. हा क्लच तेलांत बुडालेला असल्यामुळें चिखलपाण्याची बाधा त्यास होत नाहीं.

पट्ट्याची रचना ज्यांनीं बिनगिअरची स्कूटर चालविली आहे त्यांस नकळत माहीत आहे. १९७२ पासूनच्या बजाज चेतकचे गिअर डाव्या मुठींत होते ; १९८४ नंतर आलेल्या कायनेटिक होंडास ते नव्हतेच. तिच्यांत पट्टा होता, व आजच्या बहुतेक स्कूटरांतही तोच आहे. मोटारींत ही युक्ति हॉलंडच्या डाफ कंपनीनें १९५८ सालीं आणली होती.

तिची मेख अशी. दोन कप्प्या असतात, एक इंजिनाकडे व एक चाकांकडे. प्रत्येक कप्पी दोन उतरत्या बाजूंच्या ताटल्यांची केलेली असते. ताटल्या जवळ आल्या कीं पट्टा वर चढतो, दूर गेल्या कीं खालीं बसतो. गाडी सुरू होतांना इंजिनाकडील कप्पींत पट्टा खालीं व चाकांकडील कप्पींत वर असतो. म्हणजे वेग कमी व जोर अधिक. इंजिनाचा वेग वाढला कीं वजनें ताटलीस दाबतात, पट्टा इंजिनाकडे वर सरकतो, चाकांकडे खालीं उतरतो आणि गाडीचा वेग वाढतो. अशा रीतीनें गिअर न बदलतां असंख्य गिअरांचें काम होतें. इंजिन मंद चालत असतां इंजिनाकडील ताटल्या पट्ट्यास धरीतच नाहींत, म्हणून निराळा क्लचही लागत नाहीं.

येथेंच आमच्या पुतण्याचा प्रसंग सांगतों. कुरणाच्या एका बाजूस टेकडी आहे. वासरें होण्याचा हंगाम तिकडे जुलै-ऑगस्टांत, म्हणजे ऐन पावसाळी थंडींत येतो. एके सकाळीं तो पट्ट्याची एक जुनी गाडी घेऊन टेकडी उतरत होता. आंगठा उचलतांच इंजिन मंद झालें, ताटल्या सुटल्या, पट्टा सैल पडला आणि गाडीस धरून ठेवणारें कांहींच उरलें नाहीं. ब्रेक ओले होते. गाडी सुसाट सुटली. त्यानें उडी टाकली म्हणून वांचला. गाडी कुंपणांत जाऊन उलटली व त्याच्या खांद्याचें हाड मोडलें. सहा आठवडे हात गळ्यांत होता. आम्ही तो पंचनामा स्वतः डोळ्यांनीं पाहिला आहे.

यावरून पट्टा टाकाऊ ठरतो काय ? तसें नाहीं. हा दोष जुन्या रचनेचा. पुढील पुष्कळ गाड्यांत एकाच दिशेस मोकळें फिरणारें बेअरिंग घातलें, त्यायोगें उतारावर पट्टा धरलेला राहतो व इंजिन चाकांस आवरतें. यामाहाच्या अल्ट्रामॅटिक रचनेंत तर पट्टा सदैव ताणलेला असून सुटण्याचें काम तेलांतील निराळ्या क्लचकडे दिलेलें आहे.

आणि गिअर तरी निर्दोष आहे काय ? त्याच कुरणावरील दुसऱ्या गड्याचा पाय चिखलानें माखलेल्या बुटांत होता. चढावर खटका नीट बसला नाहीं, गाडी कोणत्याच गिअरमध्यें राहिली नाहीं आणि मागें घसरूं लागली. दैवानें खालीं सपाटी होती. शिवाय गाईंच्या मागें तासन् तास मोठ्या गिअरमध्यें रेंगाळल्यानें क्लच घसरून झिजतो, हा खर्चही तेथें सोसावा लागला होता.

दोहोंची जमाखर्चाची वही मांडूं. पट्ट्याच्या जमेस : नवशिक्यास सोपा, दोन्ही पाय मोकळे, थांबत-चालत करावयाच्या कामांत सुखाचा. नांवें : उष्णता व पाणी हे दोन वैरी. पिठाच्या गिरणीचा पट्टा ओला झाला कीं कसा घसरतो हें ज्यानें पाहिलें आहे त्यास अधिक सांगणें नको. ओढ्यांत पाणी शिरलें तर पेटीचें बूच काढून तें सोडावें व गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून इंजिन फिरवावें, म्हणजे पट्टा सुकतो. ओझें ओढतांना, चढ चढतांना वा हळू चालतांना गाडी ‘लो’ मध्येंच घालावी. ‘हाय’ मध्यें रेटल्यास पट्टा जळतो. एक जादा पट्टा व तो बदलण्याचीं हत्यारें घरीं असावीं.

गिअरच्या जमेस : इंजिनाचा जोर पट्ट्याच्या मानानें कमी वायां जातो, उतारावर भरंवशाची पकड मिळते, पाण्याचें भय थोडें, आणि रचना दीर्घायुषी. होंडाच्या रँचर गाड्यांत अद्याप दांत्यांचींच चाकें आहेत, तीं उगाच नव्हेत. नांवें : सराव लागतो, आणि चुकीचा गिअर चढावर घात करितो. तेल मात्र मोटारसायकलच्या ओल्या क्लचसाठींचेंच घालावें. मोटारीच्या कांहीं तेलांनीं क्लच घसरूं लागतो.

आमचें मत विचाराल तर, जेथें लांब व उभे उतार आहेत आणि चालविणारा एकच सरावलेला गडी आहे, तेथें गिअर घ्यावा. जेथें चार माणसें आलटून पालटून चालवितात व घडोघडीं थांबावें लागतें, तेथें पट्टा घ्यावा. परंतु उतारावर इंजिन गाडीस आवरतें कीं नाहीं, हें घेण्यापूर्वीं स्वतः टेकडीवर पाहून घ्यावें. विकणाऱ्याच्या तोंडच्या ग्वाहीवर विसंबूं नये. आपल्याकडे यांतील पुष्कळ गाड्या सार्वजनिक रस्त्यासाठीं नोंदल्या जात नाहींत, तेव्हां कागदपत्र आधीं तपासावें, हें सांगण्याचा आमचा जन्माचा धंदाच आहे.

शेवटीं एक गोष्ट. गाडी उलटली तर पट्टा किंवा गिअर कोणीही स्वारास वांचवीत नाहीं. ऑस्ट्रेलियांत ऑक्टोबर २०२१ पासून कामाच्या प्रत्येक नव्या क्वाड बाइकला स्वारास चिरडण्यापासून रक्षणारी चौकट सक्तीची केली, ती याचसाठीं. शिरस्त्राण घालावें, एका जागेच्या गाडीवर दुसऱ्यास बसवूं नये, आणि पोरांच्या हातीं किल्ली देऊं नये. आमचा पुतण्या आतां बरा आहे व पुन्हां त्याच टेकडीवर जातो. मात्र उतार लागण्यापूर्वीं थांबून ‘लो’ घालतो व मगच पुढें निघतो. तो अर्धा मिनिट खर्ची पडतो खरा, पण त्याइतकी स्वस्त वस्तु त्या कुरणावर दुसरी नाहीं.