कामाचे तास आणि हृदयाचे आरोग्य

दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास आपल्या वस्त्यांत आणि वसतिगृहांत सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. बाबासाहेबांच्या ज्ञाननिष्ठेला वाहिलेली ती आदरांजली योग्यच आहे. परंतु एका दिवसाचे हे व्रत आपल्या नोकरदार पिढीने नकळत रोजचे वेळापत्रक करून टाकले आहे. वसमत परिसरातील निवासी शाळांतून शिकून गेलेले अनेक जण आज शिक्षक, परिचारिका, पोलीस शिपाई, एस.टी.चे वाहक किंवा बँक कर्मचारी आहेत. बहुतेक जण घरातील पहिलेच पगारदार. भावंडांचे शिक्षण आणि घराचे कर्ज त्यांच्याच खांद्यावर असते. त्यातच कार्यालयात ‘राखीव जागेवरून आलेला’ हा कधी उघड, कधी नजरेतून मारलेला टोमणा. म्हणून दुप्पट राबून आपली पात्रता रोज सिद्ध करण्याची धडपड चालते. ती हृदयावर काय परिणाम करते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

ताण आला की शरीरात अ‍ॅड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात, नाडी वेगाने चालते, रक्तदाब व रक्तातील साखर वाढते. संकट टळल्यावर हे सारे पूर्ववत झाले तर बिघडत नाही. पण ताण रात्रीही उतरत नसेल, तर वाढलेला रक्तदाब रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला इजा करतो आणि तेथे चरबीचे थर साचू लागतात. अपुरी झोप, टळलेले जेवण, तंबाखू आणि गुटखा त्यात भर घालतात.

‘मोठ्या साहेबाला मोठा ताण’ हा समज मात्र खरा नाही. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीपेक्षा सर्वांत खालच्या श्रेणीत सुमारे तिप्पट आढळले. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सारे हिशेबात धरूनही ही तफावत पुरती उलगडली नाही. मायकेल मार्मट व सहकाऱ्यांच्या पुढील अभ्यासात असे दिसले की, स्वतःच्या कामावर ज्यांना फारसा अधिकार नाही, त्यांना धोका अधिक. उतरंडीची ही नोंद आपल्या समाजाला वेगळी समजावून सांगावी लागू नये.

तासांचा हिशेबही स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो.

हे विज्ञान नवे असले, तरी मागणी आपलीच आहे. म. फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांना रविवारची सुटी मान्य करावी लागली. आपण रविवारी घरी असतो, तो या सत्यशोधकामुळे. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतील कामाची मर्यादा आठवड्याला ५४ तासांवरून ४८ वर आणली. संविधानाच्या अनुच्छेद ४३ मध्ये तर निर्वाह वेतनासोबत फुरसतीचाही उल्लेख आहे. अठरा तासांचा गौरव करताना हे अठ्ठेचाळीस तास आपण विसरतो, असे मला वाटते. संविधान लिहिण्याच्या दिवसांत खुद्द बाबासाहेब मधुमेहाने, पायांच्या वेदनांनी व निद्रानाशाने त्रस्त होते. ६५ व्या वर्षी ते गेले. त्यांनी स्वतः झीज सोसून दिलेला हक्क आपण वापरू नये, हे कसले अनुकरण?

आठ तासांचा हक्क आजही मागून मिळवावा लागतो. मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तो एका शिपायाने मांडलेल्या आराखड्यावरून. नंतर तो शहरातील इतर ठाण्यांतही नेण्यात आला. ऊसतोडीला जाणारे पालक आणि हळदीच्या हंगामात पोती वाहणारे हमाल यांच्यापर्यंत तासांची मर्यादा अजून नीट पोहोचलेली नाही, हेही येथे नोंदवावे लागेल.

तोवर प्रत्येकाने आपल्यापुरते काय करावे? तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब व साखर तपासावी, कारण वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच जाणवू देत नाही. हक्काची रजा साठवून न ठेवता घ्यावी. रात्रीच्या व्हॉट्सॲप संदेशांना सकाळी उत्तर दिले, तर बहुतेक वेळा काही अडत नाही. अपमान होत असेल तर तो एकट्याने न गिळता सहकाऱ्यांशी, संघटनेशी बोलावे. रोज अर्धा तास भरभर चालावे. आनापानसतीच्या सरावाने मन निवते. मात्र गोळी सुरू असेल तर ध्यानाच्या भरवशावर ती बंद करू नये.

छातीत दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, दरदरून घाम, धाप ही लक्षणे दिसताच थांबावे. स्त्रियांमध्ये कधी केवळ मळमळ व विलक्षण थकवा एवढेच जाणवते. ‘गॅस झाला असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नये. मोटारसायकलवर बसून स्वतः नांदेड गाठण्याचा प्रयत्नही करू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळच्या रुग्णालयात आधी ईसीजी काढून घ्यावा.