दुखापतीतून परतलेला खेळाडू घ्यावा का?

डॉक्टरांनी खेळायला परवानगी देणे वेगळे आणि नव्वद मिनिटे धावण्याइतका दम असणे वेगळे. फँटसी प्रीमियर लीगमध्ये हा फरक थेट गुणांत दिसतो. ६० मिनिटे मैदानावर राहिल्यास हजेरीचे २ गुण, त्याहून कमी खेळल्यास १. बचावपटूला क्लीन शीटचे गुणही ६० मिनिटे खेळल्याशिवाय मिळत नाहीत.

खरा फटका बसतो तो राखीव खेळाडूंच्या नियमामुळे. तुमचा खेळाडू अजिबात उतरला नाही, तर बाकावरचा आपोआप संघात येतो. पण तुमचा खेळाडू शेवटची पाच मिनिटे जरी खेळला, तरी त्याचा एकच गुण घेऊन गप्प बसावे लागते. म्हणून परतलेल्या खेळाडूला तो पहिल्या अकरांत दिसेपर्यंत न घेणेच मला शहाणपणाचे वाटते.

याला अपवाद आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅमस्ट्रिंगमुळे बाहेर गेलेला केव्हिन डी ब्रॉयना १३ जानेवारी २०२४ रोजी न्यूकॅसलविरुद्ध ६९व्या मिनिटाला उतरला. त्याने एक गोल केला आणि ऑस्कर बॉबच्या विजयी गोलसाठी पासही दिला. बोनस सोडून ९ गुण! पण तो डी ब्रॉयना होता.

दुखापत कुठली, हेही पाहा. हॅमस्ट्रिंग पुन्हा दुखावण्याचा धोका मोठा, आणि वेगावर जगणाऱ्या विंगरला तो अधिक. सामन्याआधीच्या पत्रकार परिषदेत प्रशिक्षक ‘मिनिटे सांभाळू’ म्हणाले, तर त्या आठवड्यात त्याला कर्णधार करू नका.