मिटल्या डोळ्यांचा इलाज

संमोहन म्हटले की मला आमच्या गावच्या गणेशोत्सवातला जादूगार आठवतो. भर मांडवात त्याने पोस्टमनला कोंबड्यासारखे आरवायला लावले होते. आम्ही पोरे हसून लोळलो. पोस्टमन मात्र पुढे महिनाभर खाली मान घालून टपाल वाटत होता. म्हणूनच मनोविकारतज्ज्ञ बाईंनी माझ्या पोटदुखीवर संमोहन सुचवले, तेव्हा मी खुर्चीतून जवळजवळ उठलोच!

बँकेत छत्तीस वर्षे काढली. ऑडिट म्हटले की पोटात कळ यायची. मी निवृत्त झालो, ऑडिट संपले, कळ तेवढी राहिली. सगळ्या तपासण्या झाल्या. आतड्यात दोष सापडेना.

"काका, ही झोप नव्हे," बाई म्हणाल्या. "लक्ष एका जागी आणायचे, म्हणजे बाकीचे आपोआप मागे पडते."

सवयीप्रमाणे मी आधी जुने दप्तर तपासले. 1845 साली बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल या स्कॉटिश सर्जनने भूल देण्याचे औषध नसताना रोग्यांवर शस्त्रक्रिया केल्या. अंगावरून तासन्‌तास हात फिरवून तो त्यांना गुंगीत नेई. 1847 मध्ये क्लोरोफॉर्म आले आणि ही विद्या मागे पडली. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडने मात्र तोवर दाखवून दिले होते, की यात हातातून वाहणारी कसलीही शक्ती नाही. एकाग्रतेचाच हा परिणाम आहे.

पुढे दोन वाटा झाल्या. एकीत डॉक्टर थेट आज्ञा देतो : पापण्या जड होताहेत, दुखणे थांबते आहे. दुसरी अमेरिकेच्या मिल्टन एरिक्सनची. तरुणपणी पोलिओने खिळलेला हा डॉक्टर आज्ञेऐवजी गोष्टी सांगे. रोग्याच्याच शब्दांतून, सवयींतून वाट काढी. पोटाच्या दुखण्यासाठी मँचेस्टरच्याच डॉ. पीटर व्हॉर्वेल यांनी 1984 मध्ये तिसरी रीत मांडली. पोटावर हात ठेवायचा, त्याची ऊब आत उतरते आहे असे मनात आणायचे. औषधांनी गुण न आलेल्यांसाठी ब्रिटनच्या 2008 च्या मार्गदर्शक सूचनांत संमोहनाचाही पर्याय आहे.

माझ्यावर हीच रीत चालली. चौथ्या बैठकीत पोट हलके वाटले आणि माझा लोभ वाढला.

मी पाच वर्षांचा असताना आई गेली. चेहरा फोटोत आहे. आवाज कुठेच नाही. माझ्या कादंबऱ्यांतल्या आया फार बोलत नाहीत, याचे कारण हेच. मी चाचरत विचारले, "संमोहनात तिचा आवाज ऐकू येईल का?"

"येईल, काका. म्हणूनच मी ते करणार नाही."

त्यांनी समजावले, की संमोहनात आठवणी वाढतात, पण खऱ्याबरोबर खोट्याही. आणि दोन्हींवरचा विश्वास सारखाच घट्ट होतो. अमेरिकेच्या वैद्यक संघटनेने 1985 मध्येच हा इशारा दिला आहे. "तो आवाज तुम्हीच रचलेला असेल. तुम्ही तर लेखक!"

त्या रात्री मी रागावलो होतो. सकाळी बँकवाला जागा झाला. व्हाउचर नसलेली नोंद मी आयुष्यात कधी पास केली नव्हती. आता आईच्या नावावर कशी करणार?

पोटाची कळ पुष्कळ कमी आहे. पूर्ण गेलेली नाही. रोज रात्री पोटावर हात ठेवून पंधरा मिनिटे पडतो. त्या शांततेत कुणी बोलत नाही. हाताची ऊब तेवढी जाणवते, आणि ती खरी असते.