आपट्याचे पान कुठे धरायचे?

दसऱ्याला आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाची पाने हातावर ठेवली जातात. दोन्हींच्या आकारातला फरक आकड्यांत मांडावा म्हणून मी खटपट सुरू केली. वनस्पतिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जुना स्कॅनर, ‘आर’ ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली आणि रात्रीचा वेळ, एवढेच भांडवल.

स्कॅनरवर एक पान तिरपे पडते, दुसरे सरळ. एक मोठे, एक लहान. तुलनेआधी सगळी एका रेषेवर आणावी लागतात. त्यासाठी पानावरचे दोन बिंदू निवडायचे. पान सरकवून, फिरवून, लहानमोठे करून पहिला बिंदू शून्यावर आणि दुसरा त्याच आडव्या रेषेत एकवर आणायचा. ही आधाररेषा. उरलेल्या बिंदूंची जागा म्हणजे पानाचा आकार. गाल्टनने १९०७ मध्ये चेहऱ्यांसाठी ही युक्ती सुचवली होती. १९८६ मध्ये फ्रेड बुकस्टीन यांनी तिला संख्याशास्त्राची बैठक दिली.

मी देठाचा सांधा आणि दोन पाळ्यांमधली खाच हे बिंदू घेतले. पाळ्यांची टोके पडद्यावर मुंग्यांसारखी विखुरली. ‘आपट्याच्या पाळ्या फार बदलत्या असतात’ असे मी एका अभ्यासमंडळात ठासून सांगूनही आलो.

चूक नंतर कागद-पेन्सिलीने सापडली. दोन पाने घ्या. दोन्हींत पाळीचे टोक देठापासून उभ्या अंतराने ३० मिलिमीटरवर. एकाची खाच २० वर, दुसऱ्याची २५ वर. आधाररेषा एक धरली की पहिले टोक १.५ वर जाते, दुसरे १.२ वर. हलली होती खाच, पण हललेले दिसले टोक! आधारबिंदू सक्तीने जागीच राहतात, त्यांची चुळबुळ इतरांच्या माथी बसते. रेषा आखूड आणि बिंदू तिच्या पलीकडे असेल तर हा घोटाळा वाढतोच. (बदल लहान असतील तर दोन गटांत फरक आहे की नाही, हे उत्तर सहसा टिकते, फरक पानात कुठे आहे, हे चित्र मात्र फसवते.)

मग प्रोक्रस्टीझ पद्धतीने पाने पुन्हा जुळवली. तीत कोणताही बिंदू खिळ्याने ठोकलेला नसतो. सगळ्यांचा मध्य एकावर एक ठेवून एकूण अंतर कमीत कमी करतात. टोके बरीच शांत झाली, खाच हलू लागली. मंडळाला दुरुस्तीचे पत्र त्याच आठवड्यात पाठवले.