कुर्ल्याची फियाट, मुरबाडचा रस्ता

प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही अंगांना कोपरापर्यंत हात घालता येतो. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, पेट्रोलपंप, सगळं डोळ्यांसमोर. 1089 सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना, मागे पाटे, पुढे कॉइल स्प्रिंग, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि गिअरची दांडी स्टिअरिंगखाली. दोन पाने, एक पकड आणि हातभर तार एवढ्यावर ही गाडी रस्त्याच्या कडेला पुन्हा चालू करणारे मेकॅनिक एकेकाळी उपनगरात नाक्यानाक्यावर होते. हौशी रॅलीसाठी जुनी सेडान बघायला गेलो की मी आजही सगळ्यांत आधी हेच तपासतो: बिघाड झाला तर तिथपर्यंत हात पोचेल का? वेगाचं नंतर बघता येतं.

ही गाडी उपनगराचीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभारला. आधी क्रायस्लरच्या गाड्यांची जुळणी, मग 1951 पासून फियाटशी करार. 1964 ची फियाट 1100 डिलाइट सत्तरच्या दशकात प्रीमियर प्रेसिडेंट झाली, पुढे पद्मिनी. कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवला नोंदलेली मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपल्यावर 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. त्या वेळी सगळ्यांनी टॅक्सीबद्दल हळहळून लिहिलं. याच गाडीने इथल्या हौशी मंडळींना मोटरस्पोर्टमध्ये आणलं, हे मात्र फारसं कुणी लिहिलं नाही.

कारखान्यासमोरचा लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणजे जुना आग्रा रोड. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, कुर्ला असा तो शहरात उतरतो. 24 नोव्हेंबर 1968 ला लंडनहून निघालेली लंडन-सिडनी मॅरेथॉन इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली करत आग्रा-इंदूरमार्गे याच बाजूने मुंबईत आली आणि इथून गाड्या ‘चुसान’ बोटीवर चढवून ऑस्ट्रेलियाला गेल्या. लंडनला 98 गाड्या निघाल्या होत्या, सिडनीला 56 पोचल्या. जिंकली कोणती, तर अँड्र्यू कोवानची हिलमन हंटर, चार दारांची, कुटुंबाला बसवून बाजारात न्यावी अशी सेडान. तिच्यापेक्षा वेगवान गाड्या पुढे होत्या. शेवटच्या टप्प्यात कुणाचं इंजिन गेलं, कुणाला अपघात झाला. हंटर अखंड राहिली. लांब पल्ल्याच्या रॅलीत साध्या गाडीला संधी असते, याचं इतकं ढळढळीत उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

मुंबईला स्वतःचा कायमचा ट्रॅक कधीच मिळाला नाही. पन्नास-साठच्या दशकांत जुहूच्या धावपट्टीवर शर्यती होत, पण शहर वाढलं तसं ते बंद झालं. ट्रॅक नसलेल्या शहरातल्या माणसाला उरतो तो रस्ता, म्हणून इथल्या हौशी लोकांचा ओढा रॅलीकडे राहिला. मुंबईच्या नाझीर हुसेन यांनी 1980 मध्ये हिमालयन रॅली सुरू केली. 1990 पर्यंत चाललेल्या या रॅलीने परदेशी चालक भारतात आणले आणि आपल्या चालकांना त्यांच्या बरोबरीने घड्याळासमोर उभं केलं. त्याच दशकात प्रीमियरची 118 एनई आली: फियाट 124 च्या वंशातली बॉडी, निस्सानचं 1171 सीसी इंजिन आणि गिअर खाली, फ्लोअरवर. पद्मिनीत गिअरची दांडी आणि गिअरबॉक्स यांच्यामधले सांधे झिजले की घाईत दुसऱ्याऐवजी भलताच गिअर पडायचा. घाटात त्याची किंमत मोजलेल्या लोकांना 118 एनई म्हणजे मोठा दिलासा वाटला. पुढे मारुती एस्टीमने दोघींनाही मागे टाकलं.

रॅली म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती धूळ उडवत वळणारी गाडी. ती असते स्पेशल स्टेजवर. रस्ता बंद केलेला, घड्याळ सेकंदाच्या अंशांत, परवाना हवा, चालकाभोवती पाइपांचा पिंजरा हवा. बहुतेक हौशी माणूस सुरुवात करतो ती टीएसडीने, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅलीने. त्यात रस्ता खुला असतो, वाहतुकीचे सगळे नियम पाळायचे असतात आणि आयोजकांनी ठरवलेला सरासरी वेग सेकंदाला सेकंद राखायचा असतो. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनची महिलांची ‘रॅली टू द व्हॅली’ याच प्रकारची. घरच्या गाड्या घेऊन मुंबईहून अँबी व्हॅलीकडे निघणाऱ्या बायकांनी रॅली हा शब्द कितीतरी घरांत नेला आहे.

टीएसडी दिसते त्यापेक्षा पुष्कळ कठीण आहे. ताशी 36 किलोमीटर सरासरी दिली, तर सेकंदाला बरोबर 10 मीटर. हे सोपं वाटतं, पण गाडीचा मीटर खोटं बोलतो. आयोजक सुरुवातीला एक मोजलेलं अंतर देतात. समजा ते 10 किलोमीटर आहे आणि आपल्या मीटरवर 10.25 दिसलं. टायर झिजलेला असेल तर असं होतं. चाकाचा घेर कमी, फेरे जास्त. हा फरक नेव्हिगेटरने हिशेबात धरला नाही, तर आयोजकांच्या 40 व्या किलोमीटरला आपला मीटर 41 दाखवतो आणि गाडी 100 सेकंद उशिरा पोचते. टाइम कंट्रोल, म्हणजे वेळ नोंदण्याची जागा, कुठे लपवलीय ते कुणालाच ठाऊक नसतं. बऱ्याच रॅलींत लवकर पोचण्याचा दंड उशिरापेक्षा जास्त असतो, त्यामुळे आधी पळून घेऊ आणि मग थांबू, हेही चालत नाही. मध्ये फाटक लागतं, लग्नाची वरात लागते, म्हशी लागतात. गमावलेली मिनिटं पुढच्या पाच-सात किलोमीटरमध्ये नियमांच्या आत राहून थोडी थोडी भरून काढायची. शेजारी बसलेला माणूस मांडीवर रोडबुक घेऊन आकडे ओरडत असतो आणि चालकाने वाद न घालता ऐकायचं असतं. मुलुंड चेकनाका सोडून कल्याण-मुरबाडवरून माळशेजच्या पायथ्याला येईपर्यंत या जोडीचं जमतं की नाही हे कळून चुकतं.

म्हणून नव्या माणसाला माझं सांगणं असतं की पहिलं वर्षभर गाडी कापू नका. मूळ गाडी नीट करा आणि टीएसडी खेळा. गाडीचे दोष त्यात आपोआप कळतात.

त्यानंतरचं काम गाळ्यात. मरोळ, साकीनाका, भांडुप, कांजूरमार्ग इथल्या औद्योगिक गाळ्यांत लेथवाला, पाइप वाकवणारा, डेंटिंगवाला असे सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर मिळतात. सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जिथे मोडीत काढलेल्या गाड्यांचे दरवाजे, एक्सल, हेडलाइट रचून ठेवलेले असतात. रॅलीची सेडान घडते ती या पट्ट्यातल्या कारागिरांमुळे. त्यांची नावं कुठल्याही ट्रॉफीवर येत नाहीत याची मला मनापासून खंत वाटते.

गाडी आली की आधी ती रिकामी होते. सीट, मॅट, दारांचे पत्रे, डॅशबोर्ड, वायरिंग, पेट्रोलची टाकी. उरतं नुसतं शेल. या गाड्यांना वेगळी चेसिस नसते. बॉडीच सगळा भार पेलते, आणि कारखान्यात ती ठिपक्याठिपक्यांच्या स्पॉट वेल्डने जोडलेली असते. खराब रस्त्यावर दर आदळण्याला ही जोडणी थोडी थोडी वाकते. दाराच्या वरच्या कोपऱ्यात रंगाला केसासारखी चीर पडली, की समजायचं शेल दमलंय.

उपाय म्हणजे सीम वेल्डिंग. चार जण मिळून शेल जुन्या टायरांवर आडवं करतात. सांध्यांतला सीलंट तारेच्या ब्रशने खरवडून काढायचा. तो राहिला तर जळतो, गाळाभर काळा धूर होतो आणि वेल्ड धरत नाही. मग सीओटू वेल्डिंगने इंचभर टाका, दोन इंच मोकळं, पुन्हा इंचभर. चांगला वेल्डर सलग पुढे जात नाही. एक टाका डाव्या बाजूला, दुसरा उजव्या, मग मागे. एकाच जागी उष्णता साठली की पत्रा ओढला जातो, आणि शेल दोन मिलिमीटर जरी पिळलं तरी पुढे दार लागत नाही आणि व्हील अलाइनमेंट कधीच जुळत नाही. प्रत्येक टाक्यानंतर तो मास्क वर करून हाताच्या पाठीने पत्र्याची ऊब अजमावतो. असं काम दिवसचे दिवस चालतं आणि तयार गाडीत ते कुणाला दिसतही नाही.

मग पिंजरा, म्हणजे रोल केज. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे चालकाच्या पाठीमागची मुख्य कमान 45 मिलिमीटर व्यासाच्या, अडीच मिलिमीटर जाडीच्या सीमलेस पाइपची लागते, किंवा 50 व्यासाच्या दोन मिलिमीटर जाडीच्या. पाइप थंडच वाकवायचा. आतल्या अंगाला सुरकुती पडली की तो तुकडा बाद. बाजारात याच मापाचा साधा शिवणीचा पाइप स्वस्तात मिळतो आणि रंग मारल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. इथे पैसे वाचवणाऱ्याला मी कडक शब्दांत सांगतो, कारण असला पिंजरा नसण्यापेक्षा वाईट. मुदत उलटून गेलेले बकेट सीट आणि हार्नेस स्वस्तात घेणंही तसंच.

खाली संप गार्ड, म्हणजे इंजिनाच्या पोटाखालची जाड प्लेट. ती इंजिनाला टांगायची नाही, बॉडीच्या मजबूत पट्ट्यांना बांधायची. नाहीतर दगडाचा दणका थेट इंजिन माउंटिंगला बसतो. तिला हवेसाठी आणि तेल गळल्यास दिसावं यासाठी भोकं हवीत. भोकांविना प्लेट लावलेली गाडी मे महिन्यात घाट चढताना तापतेच.

ब्रेक हा पद्मिनीचा खरा दुबळा भाग. उतारावर ड्रम तापले की पेडल तसंच राहतं आणि गाडी थांबत नाही. नवं लायनिंग, नवं ब्रेक ऑइल (पावसाळ्यात त्यात ओलावा जातो आणि ते लवकर उकळतं) आणि गिअरवर गाडी आवरण्याची सवय, एवढं तरी हवंच. इंजिनाकडे सगळ्यांत शेवटी वळावं. बहुतेक तरुण सुरुवातच तिथून करतात: हेड घासलं, कार्ब्युरेटर बदलला, सायलेन्सर मोकळा केला. गाडी गर्जते आणि पहिल्या खडबडीत टप्प्यावर शॉक ॲब्सॉर्बरचं तेल बाहेर येतं.

कायद्याची बाजू आधीच समजून घेतलेली बरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते, फिटनेस आणि पर्यावरण करासह. म्हणजे टीएसडीची गाडी मूळ रूपातच ठेवायची. पिंजरा घातलेली स्टेजची गाडी फ्लॅटबेडवर चढवूनच न्यायची. बंद रस्त्यांबाबत हयगय चालत नाही. 2019 मध्येच राजस्थानात राष्ट्रीय रॅलीच्या स्टेजवर मोटरसायकल आली आणि एकाच कुटुंबातली तीन माणसं गेली. आयोजकाने प्रत्येक पायवाटेवर माणूस उभा केला आहे का, हे विचारण्याचा हक्क स्पर्धकालाही आहे असं मी मानतो.

आणि गाडी कोणती घ्यावी? चांगल्या अवस्थेतली पद्मिनी आता कापू नये. त्या फार थोड्या उरल्यात. तिला टीएसडीत किंवा व्हिंटेज रॅलीत मिरवावं. स्टेजसाठी 1994 ते 2007 च्या दरम्यान बनलेली एस्टीम बघावी: वजनाला हलकी, 1298 सीसीचं चिवट इंजिन, आणि भाग अजून मिळतात. घेताना पुढच्या स्ट्रटच्या बुडाशी आणि दाराखालच्या पट्टीत गंज बघायचा. मुंबईच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीचा रंग चकचकीत असतो आणि पट्टीत स्क्रूड्रायव्हर आरपार जातो. पुण्या-नाशिककडची गाडी मिळाली तर चार पैसे जास्त द्यावेत.

रॅली संपली की दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा जॅकवर चढते. चाकांच्या बेअरिंगांचा खुळखुळाट, बुशांच्या चिरा, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट, गार्डचे बोल्ट, आणि सीमचा प्रत्येक टाका बॅटरी धरून तपासायचा. डायरीत लिहायचं: काय ढिलं झालं, किती किलोमीटरला झालं. दोन-तीन रॅली झाल्या की त्या डायरीवरूनच ठरतं की पुढचे पैसे शॉक ॲब्सॉर्बरला घालायचे की एक्सलला, आणि तेवढं काम झाल्याशिवाय पुढचा प्रवेशअर्ज भरायचा नाही.